म्युझियममधली बॅट आणि युवक महोत्सवातलं गाणं: पॉडकास्टवर गप्पा कशा रेकॉर्ड करायच्या

मी आणि माझा एक मित्र मराठीत छोटासा पॉडकास्ट करतो, एक एपिसोड खेळांच्या म्युझियमवर आणि पुढचा विद्यापीठातल्या गाण्या-वाजवण्यावर, आणि बरेच जण विचारतात की या दोघांचा एकमेकांशी काय संबंध. मला तर काम एकच वाटतं. काचेमागची वस्तू दिसते पण बोलत नाही, स्टेजवरचं गाणं ऐकू येतं पण त्यामागची तालीम दिसत नाही, दोन्हीकडे समोरच्या माणसाला एका वस्तूपाशी किंवा गाण्यातल्या एका जागेपाशी थांबवायचं आणि बोलतं करायचं. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा" हा प्रश्न विचारूच नका. त्यावर सगळे तेच पाठ उत्तर देतात आणि पंधरा मिनिटं तिथेच जातात. त्याऐवजी वस्तूवर बोट ठेवा, म्हणजे "ही बॅट तुमच्याकडे आली तो दिवस आठवतो का, कोण घेऊन आलं, कशात गुंडाळून आणली होती?" माणूस लगेच त्या दिवसात जातो. पुण्यात सहकारनगरला ब्लेड्स ऑफ ग्लोरी नावाचं क्रिकेट म्युझियम आहे, रोहन पाटे यांनी जमवलेल्या वस्तूंचं, 2012 मध्ये सचिनच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. अशा ठिकाणी आधी माईक न घेता एकदा नुसतं फिरून या, तिकीट काढून, साध्या माणसासारखं. कुठल्या काचेपाशी लोक रेंगाळतात, लहान मुलं काय विचारतात ते बघा, तुमचे निम्मे प्रश्न तिथेच मिळतील. एका एपिसोडला तीन वस्तू पुरेत, जास्त घेतल्या तर यादी होते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

ऐकणाऱ्याला काही दिसत नाहीये हे सतत डोक्यात ठेवायचं. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ज्यासाठी खेळतात तो अॅशेसचा कलश म्हटलं की डोळ्यासमोर भलीमोठी ट्रॉफी येते, पण लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या म्युझियममधला तो कलश जेमतेम अकरा सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही, आणि हे "वीतभर" बोललात की ऐकणारा आपोआप स्वतःचा पंजा उघडून बघतो. त्याच म्युझियममध्ये पेंढा भरलेली एक चिमणी आहे, 1936 मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून जहांगीर खान बॉलिंग टाकत होते, म्हणजे 1932 मध्ये भारताची पहिली टेस्ट खेळलेलेच ते, आणि त्यांचा बॉल उडत्या चिमणीला लागला. ती चिमणी त्या बॉलवर बसवून जपून ठेवलीय. एवढ्याशा गोष्टीवर दहा मिनिटं सहज निघतात, पण त्यासाठी आकार, रंग, वजन तोंडाने सांगावं लागतं, "हे बघा किती सुंदर" म्हणून काहीच पोहोचत नाही.

बॅटच्या एपिसोडला मी घरची जुनी बॅट बरोबर नेते. म्युझियममधल्या वस्तूला हात लावता येत नाही आणि लावूही नये, पण बाहेर अंगणात आपल्या बॅटवर बॉल ठोकून आवाज घ्या, आधी काश्मीर विलोच्या लाकडाचा मग कुणाची मिळाली तर इंग्लिश विलोचा, आणि पाहुण्यांना दोन्हींतला फरक सांगायला सांगा, हे वीस सेकंद सगळ्या गप्पांना जिवंत करतात. सचिनची बॅट तीन पौंडांहून जड होती हे वाक्य नुसतं वाचण्यापेक्षा पाहुण्यांच्या हातात तेवढं वजन द्या आणि ते काय बोलतात ते रेकॉर्ड करा.

आणि जे म्युझियममध्ये नाही त्याबद्दल पण जरूर विचारा, मला तर ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कपिल देवच्या 175 चं रेकॉर्डिंगच नाही, 18 जून 1983, वर्ल्ड कप, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध भारत 5 बाद 17 वरून 8 बाद 266, म्हणजे ती इनिंग आज फक्त स्कोअरकार्डमधून आणि बघितलेल्यांच्या तोंडूनच जिवंत आहे, पॉडकास्टला याहून चांगला विषय कुठला. तसेच पालवणकर बाळू, दलित समाजातले मोठे बॉलर. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात पिच राखायचे, नेटमध्ये त्यांना बॉलिंग टाकायचे, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या, आणि याच पुण्यात हिंदूंच्या टीममध्ये असूनही जातीमुळे त्यांना चहा वेगळा, पॅव्हिलियनच्या बाहेर दिला जायचा. म्युझियमवाल्यांना शांतपणे विचारा, बाळूंचं काय आहे तुमच्याकडे? नसेल तर का मिळालं नाही? आरोप म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. जमवणारी माणसं यावर मनापासून बोलतात कारण न मिळालेल्या वस्तूची हुरहुर त्यांनाच सगळ्यात जास्त असते.

आता गाण्याकडे. विद्यापीठातलं गाणं म्हणजे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, जिथे गुरुकुल पद्धतीने शिकवतात, किंवा मग कॉलेजांच्या स्पर्धांचा युवक महोत्सव आणि पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव. इथे मुलांना "तू" म्हणा, "आपण" म्हटलं की ती मुलाखतीला बसल्यासारखी ताठ होतात, गुरूंना मात्र सर किंवा ताई. स्पर्धेत शास्त्रीय गायनाला मोजकीच मिनिटं असतात, मग खरा प्रश्न हा की विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, किती वेळ गायचं, द्रुत, म्हणजे जलद लय, कधी धरायची, काय सोडून द्यायचं. हा प्रश्न विचारला की मुलं रंगात येतात कारण महिनाभर त्यांनी तोच विचार केलेला असतो. पट्टी, म्हणजे कुठल्या स्वरावरून गातात ते विचारा, काळी चार की पांढरी पाच, आणि ते उत्तर आलं की लगेच म्हणा, एकदा नुसता षड्ज लाव ना. समूहगानात सहा गाणारे, त्यातला खर्जात, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात कोण असतो त्याला आवर्जून बोलायला लावा, त्याचं नाव कोणी घेत नाही.

सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग स्टेजवर नाही, मागे मिळतं. लोकवाद्यवृंदाची मुलं हलगी शेकतात ते घ्या, पावसाळी हवेने चामडं ढिलं पडतं, आधीचा आवाज भदभद, जाळाजवळ धरली की हळूहळू चढतो आणि मग एक थाप अशी कडक येते की आजूबाजूचे वळून बघतात. ही दोन-तीन मिनिटं न बोलता रेकॉर्ड करा. तबल्यावर हातोडी पडतेय, तंबोऱ्याची जवारी लावताहेत म्हणजे त्याची झणकार जुळवताहेत, हे सगळं.

इथे एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एका कॉलेजातल्या मुलीचा यमन फोनवर घेतला, अॅपमध्ये आवाज साफ करायचं बटण चालू राहिलं होतं, घरी येऊन ऐकलं तर तंबोरा गायब. सलग एकसारखा येणारा आवाज म्हणजे कचरा असं ते सॉफ्टवेअर समजतं, त्याच्या लेखी एसी आणि तंबोरा सारखेच. त्या मुलीचा आवाज उघडा पडला होता, आणि पुन्हा तसं गाणं होणार नव्हतं, मला फार वाईट वाटलं. म्हणून नॉइज रिडक्शन बंद, आपोआप आवाज कमी-जास्त करणारं सेटिंग बंद. ऑनलाइन झूमवर घेत असाल तर "ओरिजिनल साउंड" चालू करा आणि समोरच्यालाही त्याच्या फोनवर वेगळं रेकॉर्ड करायला सांगा.

बोलण्याला माईक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, गाण्याला पाच-सहा फूट लांब. लेव्हल ठरवताना "हॅलो हॅलो" करू नका, तार सप्तकातली एक तान गायला सांगा, तबल्याला जोरात तिहाई (एकच तुकडा तीनदा), तेव्हा काटा मायनस 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. म्युझियममधला एसी बंद होत नसेल तर सगळ्यांना गप्प करून तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवा, एडिटिंगमध्ये जोड झाकायला लागतो. शेवटी फाइलचा एकूण आवाज मायनस 16 एलयूएफएसच्या (मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणा, बाकी फार छेडछाड नको.

परवानगी लेखी घ्या, फोटो चालतो म्हणजे रेकॉर्डिंग चालतं असं नसतं. गाण्यात तर जास्तच जपा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या मुलांचाही स्वतःचा हक्क असतो, 50 वर्षांचा, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत. "तीस सेकंद वापरलं तर चालतं" असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पारंपरिक बंदिश असेल तर सोपं जातं, पण गाणाऱ्याला आणि साथीदारांना विचारायचंच.

एपिसोड टाकायच्या आधी गाणाऱ्या मुलाला फाइल ऐकवा, एखादा स्वर खटकत असेल तर तो भाग काढून टाका, वाद घालू नका. आणि शेवटी नावं घेताना हार्मोनियमवर कोण, तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर मागे बसलेली पोरगी कोण, सगळी पूर्ण नावं तोंडाने घ्या, नुसती खाली लिहून सोडू नका, तिची आई एपिसोड ऐकत असते.