कधी आकडा, कधी तारीख, कधी मजकूर: वेगवेगळ्या डेटा टाइपच्या प्रॉपर्टी एकाच क्लासमध्ये कशा सांभाळाव्यात

कृषी सेवा केंद्रातल्या मालाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे असं धरू. बियाण्याच्या पिशवीला वाणाचं नाव असतं, उगवणक्षमता टक्क्यांत असते, मुदत संपण्याची तारीख असते. फवारणी पंपाची टाकी 16 लिटरची असते आणि तो बॅटरीवर चालतो का, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. खताच्या गोणीवर 10:26:26 छापलेलं असतं. उद्या दुकानात ठिबकच्या नळ्या आल्या की व्यास आणि लांबी आलीच. प्रत्येक मालाचे गुणधर्म वेगळे, त्यांचे डेटा टाइप वेगळे, आणि तरीही स्टॉक, बिल, शोध या सगळ्यांना 'वस्तू' हा एकच क्लास, म्हणजे मालाच्या नोंदीचा एकच साचा, हवा असतो. उदाहरणं जावातली घेतली आहेत, पण पद्धत सी शार्प, कॉटलिन, पायथन कुठेही चालते.

आधी कागदावर काम लिहा, मग टाइप

प्रत्येक गुणधर्मापुढे लिहा की त्याचं पुढे काय होणार आहे: बेरीज, तुलना, क्रमवारी, की नुसती छपाई. टाइप यावरून ठरतो, व्हॅल्यू दिसते कशी यावरून नाही. मोबाइल नंबर आणि पिनकोड अंकांचे असले तरी त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवा.

10:26:26 जरा नीट बघण्यासारखं आहे. हे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के आहेत. एक्सेलच्या साध्या खान्यात ते टाइप केलं की एक्सेल त्याला वेळ समजतो, दहा वाजून सव्वीस मिनिटं सव्वीस सेकंद, आणि आत दिवसाचा तेवढा अंश म्हणून साधारण 0.43502 साठवतो. दुकानाची जुनी फाइल इंपोर्ट केली की खताच्या जागी हा आकडा हाती येतो. 19:19:19 आणि 0:52:34 यांचंही तेच होतं. बरं, मजकूर म्हणून ठेवलं तर ही गडबड टळते, पण 'पालाश 20 टक्क्यांहून जास्त असलेली खतं दाखवा' असं विचारता येत नाही. म्हणून याला स्वतःचा छोटा क्लास द्या, 'खतश्रेणी', आत तीन आकडे. तेवढ्यात 20:20:0:13 समोर येतं, ज्यात चौथा आकडा गंधकाचा आहे. तेव्हा गंधकाची जागाही ठेवायची, पण ऐच्छिक. कागदावर हे पाच मिनिटांत सुटतं. डेटाबेस भरल्यावर तेच काम आठवडा खातं.

कोणते रस्ते टाळायचे

'वस्तू' क्लासमध्ये सगळी फील्ड (माहितीचे खाने) एकत्र टाकली तर पंपाला मुदत नल (म्हणजे रिकामी) आणि बियाण्याला टाकी नल, अशी नलांची रांग लागते. सगळं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून, ठेवलं तर क्रमवारीत 10 हा 9 च्या आधी येतो आणि हो, होय, आहे असे तीन प्रकारचे होकार जमा होतात. सगळं जावाच्या 'ऑब्जेक्ट' टाइपमध्ये, ज्यात काहीही मावतं, ठेवलं तर कोड लिहिताना मजा वाटते, पण काढताना प्रत्येक ठिकाणी कास्ट करावं लागतं, म्हणजे आत कोणता टाइप आहे ते कोडमध्ये सांगावं लागतं. एखादा कास्ट चुकला तर कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणारा प्रोग्रॅम, काही बोलत नाही. थेट रनटाइमला (प्रोग्रॅम चालू असताना), बिल काढताना प्रोग्रॅम पडतो.

मालागणिक सबक्लास, म्हणजे 'वस्तू'वर आधारलेला वेगळा क्लास, करणं मात्र चुकीचं नाही. मालाचे प्रकार मोजके आणि ठरलेले असतील तर मी तेच करेन: बियाणे, खत, पंप असे क्लास आणि प्रत्येकात पक्क्या टाइपची फील्ड. दुकानदाराला स्वतः नवा गुणधर्म जोडू द्यायचा असेल तेव्हा हा रस्ता संपतो, कारण प्रत्येक नव्या मालासाठी नवा क्लास लिहून प्रोग्रॅम पुन्हा बसवायला कोण जाणार? पुढच्या पायऱ्या त्या परिस्थितीसाठी आहेत.

व्हॅल्यूला तिचा टाइप सोबत द्या

'व्हॅल्यू' नावाचा एक सील्ड इंटरफेस (अनेक प्रकारांना एकत्र धरणारं सामाईक नाव) करा आणि त्याचे ठरावीक प्रकार लिहा: मजकूर, आकडा, तारीख, होनाही (हो किंवा नाही), खतश्रेणी. प्रत्येक प्रकार म्हणजे एक छोटा रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारा जावाचा क्लास), आत एकाच पक्क्या टाइपचं फील्ड (खतश्रेणीचे चार आकडे तिच्या क्लासमध्ये असतात, रेकॉर्ड तो क्लास धरतो). सील्ड म्हणजे हे कुटुंब बंद आहे, बाहेरच्या कोणाला त्यात नवा प्रकार घुसडता येत नाही. जावात रेकॉर्ड 16 व्या आवृत्तीपासून आणि सील्ड क्लास 17 व्या आवृत्तीपासून आहेत, दोन्ही 2021 मधली. सी प्लस प्लसमध्ये हेच काम 2017 च्या मानकात आलेला 'व्हेरिएंट' करतो.

आकड्यासाठी डबल, म्हणजे जावाचा नेहमीचा दशांश टाइप, वापरू नका. डबलमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते. बिगडेसिमल, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा टाइप, घ्या आणि तो स्ट्रिंगवरून बनवा. त्यातही एक गोम आहे: बिगडेसिमलचा 'इक्वल्स' 2.0 आणि 2.00 यांना वेगळं मानतो, 'कंपेअरटू' सारखं मानतो. शोध लिहिताना दुसरा वापरा.

व्याख्या वेगळी, व्हॅल्यू वेगळी

दुसरा क्लास 'गुणधर्मव्याख्या'. त्यात नाव, अपेक्षित प्रकार, एकक आणि सक्तीचा आहे की नाही. एकक व्याख्येत असणं महत्त्वाचं आहे. युरियाची गोणी 45 किलोची आणि कापसाच्या बियाण्याचं पाकीट ग्रॅममध्ये, हा फरक नुसत्या आकड्याला कळत नाही. वस्तूजवळ फक्त एक मॅप (जोड्यांची यादी) राहतो, व्याख्येकडून व्हॅल्यूकडे जाणारा.

या मॅपमध्ये काहीही टाकायचा एकच मार्ग ठेवा, एक मेथड (क्लासमधलं ठरावीक काम करणारा कोड). फॉर्ममधून किंवा फाइलमधून आलेला कच्चा मजकूर ती व्याख्येनुसार तपासते आणि योग्य रेकॉर्ड बनवते, नाहीतर स्पष्ट तक्रार करते: 'टाकीची क्षमता आकड्यात हवी, सोळा लि. चालणार नाही.' टाइप ओळखायचं काम या दारात एकदाच होतं. आतल्या कोडने पुन्हा अंदाज बांधायचा नाही.

वाचताना डिफॉल्ट लिहू नका

2023 मध्ये आलेल्या जावा 21 मध्ये स्विच, म्हणजे प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी शाखा लिहिण्याची रचना, थेट प्रकारावर लिहिता येतो. पाचही शाखा लिहा आणि डिफॉल्ट शाखा ('बाकी काहीही असेल तर') मुद्दाम टाळा. उद्या 'रंग' हा सहावा प्रकार आला की जिथे जिथे तो हाताळलेला नाही, तिथे कंपायलर अडवेल. डिफॉल्ट लिहिलात तर हा पहारेकरी तुम्हीच घरी पाठवलात.

पायथनमध्ये तपासणीचा क्रम सांभाळा. तिथे बूलियन (ट्रू किंवा फॉल्स, म्हणजे हो-नाही) हा पूर्णांकाचाच उपप्रकार आहे, त्यामुळे 'हा पूर्णांक आहे का' असं ट्रूबद्दल विचारलं तरी उत्तर हो येतं. बूलियनची तपासणी आधी, आकड्याची नंतर.

आणि 'नाही' व 'माहीत नाही' यांची गल्लत होऊ देऊ नका. पंप बॅटरीवर चालत नाही ही माहिती आहे. बॅटरीबद्दल कोणी भरलंच नाही, ही माहितीची उणीव आहे. दुसऱ्या वेळी मॅपमध्ये नोंदच नको, आणि ती वाचणारी मेथड 'ऑप्शनल' (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असं सांगणारा टाइप) परत करू दे.

साठवताना प्रकाराचं नाव लिहा

जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकुरात साठवायच्या प्रचलित स्वरूपात, तारीख नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे प्रत्येक व्हॅल्यूसोबत तिच्या प्रकाराचं नाव साठवा आणि तारीख 2026-03-31 अशी वर्ष आधी लिहा, म्हणजे मजकूर म्हणून लावली तरी क्रम बिघडत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर जेसन साठवणारा, 2014 पासून उपलब्ध असलेला जेसनबी कॉलम पुरतो. तारखा आणि आकड्यांवर सतत शोध होणार असेल, तर वेगळं टेबल करून प्रत्येक प्रकाराला वेगळा कॉलम देणं मला जास्त बरं वाटतं, कारण साधे इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) लावता येतात आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाचता येते.

टाइप बदलायची वेळ आली तर

समजा टाकीची क्षमता सुरुवातीला मजकूर म्हणून ठेवली होती आणि आता आकडा हवा आहे. जुन्या व्याख्येचा प्रकार जागेवर बदलू नका, जुन्या नोंदी वाचताच येणार नाहीत. आकड्याची नवी व्याख्या करा, एकक लिटर. जुन्या नोंदी एकेक करून त्याच दारातून, त्याच तपासणीतून नेऊन नवीत भरा. '16 लिटर' मधलं एकक काढून टाकणं प्रोग्रॅमला जमेल, पण '16/18' किंवा 'मोठी' अशा नोंदींची यादी दुकानदाराच्या हातात द्या, तो पंप बघून सांगेल. ती यादी रिकामी होईपर्यंत जुनी व्याख्या फक्त वाचण्यापुरती ठेवा, मग काढून टाका.