भोपळ्याला फुलं येतात पण फळ धरत नाही? हे करून बघा

आधी एक सांगते, वेलाला सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, ती गळली तर अजिबात घाबरू नका. मादी फूल ओळखणं सोप्पंय, पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा असतो, नराला नुसती लांब दांडी. टेरेसवर मधमाश्या कमी येतात, नर फुलातली पिवळी पावडर म्हणजे पराग मादी फुलापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो, आणि आपण उगाच खत वाढवतो, युरिया जास्त झाला की पानंच माजतात.

तर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळ्या पावडरचा दांडा मादी फुलाच्या आतल्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट भागावर, हलकेच सगळीकडून फिरवायचा, एकाच बाजूला पराग लागले तर फळ वाकडं होऊ शकतं म्हणून दोन-तीन नर फुलं वापरली तर बेस्ट. दुधीचं मात्र उलटं हां, त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे दिवेलागणीला जायचं. पावसाचा भरवसा नसेल तर फुलावर कागदी पिशवी लावा, ओले पराग वाया जातात. चार-पाच दिवसांत फळ हिरवं राहून फुगायला लागलं की समजा धरलं, मला तर दर वेळी तेवढाच आनंद होतो!