बाळंतिणीला ताप-खोकला असताना बाळाला दूध कसं पाजायचं

बाळंतिणीला खोकला-ताप आला की घरात पहिला सल्ला निघतो, "दूध तोडा, बाळ आजीजवळ द्या." हा सल्ला अजिबात मानू नका. फ्लू असो की कोविड, विषाणू बाळाला लागतो तो मुख्यतः आईच्या खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि हातांतून. पोटात असताना नाळेवाटे लागण होणं क्वचित घडतं. दूध तोडलं तर त्यातून बाळाला मिळणारी प्रतिकारशक्ती तेवढी जाते.

कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात पोचताच ताप-खोकल्याचं सांगा. चीकदूध तासाभरात पाजा. मध, घुटी, गूळपाणी काही नको. खोलीची खिडकी दिवसभर उघडी ठेवा. शेगडी आणि धुरी बंद, मग आजी कितीही रागावो: धुराने बाळाचा श्वास आणखी अडतो.

खरी चूक होते पाजताना. आधी तीन पदरी मास्क नाकावर घट्ट बसवा, मग हात धुवा, मग बाळाला घ्या. हात आधी धुतले, तर मास्क सारखा करताना ते पुन्हा खराब होतात. बांगड्या कोपराकडे सरकवून मनगटासकट, नखांच्या कडांसकट ४० सेकंद साबण लावा. पाजताना मास्कला हात लागला तर पुन्हा धुवा. तोंडाला पदर बांधून भागत नाही. तो घसरतो, आणि त्याच पदराने आधी आईचं नाक, मग बाळाचं तोंड पुसलं जातं. स्तन दर वेळी धुवायची गरज नाही. उघड्या छातीवर खोकला उडाला असेल तरच साबणाने धुवा. पोलक्यावर उडाला असेल तर पोलकं बदला. बाळाला मास्क कधीच बांधू नका, जीव गुदमरतो.

रात्री जास्त सांभाळावं लागतं. झोपेत मास्क हनुवटीवर येतो आणि आई बाळाला कुशीत घेऊन तशीच झोपते. म्हणून घरातल्या एका धडधाकट माणसाने उठावं, आईचा मास्क आणि हात झाल्यावरच बाळ द्यावं, पाजून झालं की सहा फुटांवरच्या बाजेवर परत न्यावं.

आईला बसवतही नसेल तर पाण्यात उकळून घेतलेल्या वाटीत दूध पिळा आणि उन्हाळ्यात लगेच पाजा. बाळ अर्धवट उभं धरून वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा, ते चाटत पितं. घशात ओतू नका, ठसका लागतो. बाटली नको.

गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरी खोकला जाईपर्यंत मास्क राहू द्या.

बाळाचा श्वास रोज मोजा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना हे शिकवलं, आशाताईही दाखवतील. बाळ शांत असताना पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट मोजा. नवजात बाळाचा श्वास कधी भरभर, कधी थांबत चालतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका. ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजा. तेवढाच आला, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम अथवा ३५.५ पेक्षा गार लागलं, यांतलं एक जरी दिसलं, तर रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावा. तापाची वाट पाहू नका; एवढ्या लहान बाळाला आजारात ताप येतोच असं नाही. गाडीत आईने मास्क लावून बाळ उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं आणि ते ओढत असेल तर वाटेतही पाजावं.