एसी लावण्याआधी एक पावसाळा नुसता मोजा

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात पोथ्यांचा आणि नाण्यांचा खासगी संग्रह आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर मी तिथे नोंदी करायला लागले. कोठीतली हवा सांभाळणं हेच एखाद्याचं मुख्य काम असू शकतं, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. या कामात यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी रुजू झाले त्याच वर्षी कोठीत दीड टनाचा एसी बसवला होता. सकाळी 10 ते संध्याकाळी 6, अठरावर. थंडी म्हणजे सुरक्षितता, असा सगळ्यांचा समज होता आणि माझाही. ऑगस्टमध्ये खालच्या फळीवरच्या एका पोथीचं लाल कापड उलगडलं, तर लाकडी पाटीवर पांढरी लव धरलेली. बोट लावलं तर पिठासारखी निघाली. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

कारण नंतर कळलं. नाशकात पावसाळ्यात बाहेरची हवा 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू साधारण 23 अंश असतो. 23 अंशांपेक्षा गार वस्तूला ती हवा लागली की वस्तूवर पाणी धरतं, माठाला बाहेरून सुटतं तसं. दिवसभर आम्ही फळ्या आणि पोथ्या गार करत होतो. रात्री एसी बंद झाला की फटींतून ओली हवा आत यायची आणि त्या गार लाकडावर बसायची. वीज जाळून आम्हीच बुरशीला आवतण देत होतो.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हे, की यंत्र घेण्याआधी मोजा. निदान एक पावसाळा मोजा, वर्षभर जमलं तर उत्तमच. छोटे डेटा लॉगर दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता टिपतात. एक खोलीच्या मध्यावर ठेवा, एक बंद कपाटात आणि एक बाहेर सावलीत, पाऊस लागणार नाही असा. खिडकीजवळ किंवा एसीच्या झोतात ठेवलात तर तो खोलीचं काहीच सांगणार नाही. लॉगर खरं बोलतो का, हेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब टाकून ओलं करा, विरघळू देऊ नका. लॉगरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 टक्क्यांच्या आसपास हवा. फरक दिसला तर तो वहीत लिहून ठेवा.

आमच्या आलेखात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कपाटाच्या रेषेनं. खोलीची रेषा करवतीच्या दात्यांसारखी होती, तर सागवानी कपाटातली जवळजवळ सपाट. लाकूड, कापड, कागद स्वतःच ओल शोषतात आणि सोडतात. वाड्याच्या जाड भिंतीही तेच करतात. हे काम फुकट होत असतं, आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही.

मग एसी बंद केला. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. आर्द्रता 60 च्या वर गेली तरच चालू होणारं ओल शोषणारं यंत्र घेतलं. ते मुख्यतः जुलै ते सप्टेंबरच चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की चामड्याच्या बांधण्या तडकतात. तेव्हा दिवसा खिडक्या बंद, आणि पहाटे थोडा वेळ उघड्या.

तांब्याच्या नाण्यांचं वेगळं. क्षार असलेल्या नाण्यावर हिरवी पूड येऊ लागली, तर त्याला 40 टक्क्यांच्या खालची हवा लागते. त्यासाठी अख्खी खोली वाळवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. नाण्यांची आवड असेल तर अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेतलं संग्रहालय सावकाश पाहून या.

विश्वस्तांना आलेख दाखवून फारसं काही होत नाही, हा माझा अनुभव. त्याच वहीत विजेच्या मीटरचा आकडाही रोज लिहा, त्यांना तो लगेच कळतो. कोणी ‘वीस अंश, पन्नास टक्के’ असा जुना नियम पुढे केला, तर 2014 साली आंतरराष्ट्रीय जतनतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून केलेलं निवेदन सांगा. साठवणीचे निकष स्थानिक हवामानात साधता येतील असेच असावेत, असं त्यात आहे.

रीतसर शिकायचं असेल तर बडोद्याच्या विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. लखनौला केंद्र सरकारची जतन-प्रयोगशाळा आहे. पदवी कोणतीही असो, रोज वही लिहायची चिकाटी मात्र हवीच.

पुढच्या वर्षी दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी त्याच पोथ्या पाटावर मांडल्या. मी ती पाटी उलटीसुलटी करून उजेडात पाहिली. कोरडी होती, आणि कुबट वासही नव्हता.