गोव्यातून ग्रुप टूरला निघताना: ज्येष्ठ जोडप्यांसाठी पूर्वतयारी

सहल कंपनीचे माहितीपत्रक हाती आले की बहुतेकांचे बोट आधी स्थळांच्या नावांवरून फिरते, आणि जिथे नावे जास्त ती सहल चांगली असा हिशेब मनात पक्का होतो. आम्हीही पहिल्या खेपेस तेच केले. मी टपाल खात्यातून आणि माझे यजमान माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही राजस्थानची सहल निवडली, कारण जवळपास तेवढ्याच पैशांत दुसऱ्या कंपनीपेक्षा तीन शहरे अधिक दाखवण्याचे आश्वासन त्यात होते. जैसलमेरहून बिकानेरला जाण्याच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रवास व मुक्काम’ एवढेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. आणि पत्रादेवीपासून पोळेपर्यंत अख्खा गोवा दीडशे किलोमीटरांच्या आत संपत असल्यामुळे आम्हा गोवेकरांना अशा अंतराची कल्पना आकडा वाचूनही येत नाही. संध्याकाळी हॉटेलवर पोचलो तेव्हा यजमानांचे गुडघे सुजले होते, आणि दुसऱ्या दिवशी जुनागड किल्ला त्यांनी बसच्या खिडकीतूनच पाहिला.

त्यानंतरच्या आठ सहलींत आम्ही एक शिस्त पाळली आहे. पैसे भरण्यापूर्वी मी पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक दिवसासाठी एक ओळ आखते आणि त्यात चार गोष्टी लिहिते: सकाळी किती वाजता निघायचे, बसमध्ये एकूण किती तास बसायचे, पायी किती चालायचे व पायऱ्या किती, आणि रात्रीचे हॉटेल बदलणार की कालचेच राहणार. ही माहिती माहितीपत्रकात सहसा नसते. ती फोन करून विचारावी लागते, आणि शक्य असेल तर ईमेलने मागावी, म्हणजे उत्तर लेखी मिळते. सहा तासांहून अधिक बसप्रवासाचे दोन दिवस लागोपाठ आले, किंवा चार रात्रींत चार हॉटेले बदलावी लागणार असे दिसले, तर ती सहल आम्ही घेत नाही, मग त्यात कितीही नामांकित स्थळे असोत. हॉटेल बदलण्याचा त्रास केवळ प्रवासाचा नसतो. पहाटे बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, औषधांचा डबा त्यात गेला नाही ना हे पुन्हा उघडून पाहायचे, आणि रात्री नव्या खोलीत दिव्याची बटणे व स्नानगृहाचा उंबरा शोधायचा, यातच आमच्या वयाच्या माणसाची निम्मी शक्ती खर्च होते. माहितीपत्रकाची भाषाही नीट वाचायला शिकले पाहिजे. ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘फोटो स्टॉप’ या शब्दांचा अर्थ तिथे आत जायचे नाही असा असतो, तर ‘वेळेनुसार’ असे लिहिलेले स्थळ आपल्या वाट्याला येणार नाही असे धरून चालावे.

मराठी मंडळींसाठीच्या बहुतेक सहली मुंबई किंवा पुण्याहून निघतात आणि त्यांची किंमतही तिथूनच मोजलेली असते. गोव्यातून जाणाऱ्याने म्हणून दोन दर विचारावेत: संपूर्ण सहलीचा, आणि सहलीच्या पहिल्या ठिकाणी आपल्या खर्चाने जाऊन गटात सामील होण्याचा. दुसरा दर पुष्कळदा आपल्या सोयीचा पडतो, विशेषतः दिल्लीहून सुरू होणाऱ्या सहलींना, कारण मडगावहून हजरत निजामुद्दीनला थेट गाड्या आहेत आणि गोवा एक्स्प्रेस तर वास्कोहूनच सुटते. मात्र गट जमण्याच्या दिवशीच तिथे पोचण्याचा बेत कधीही करू नये. किमान एक दिवस हातचा राखावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच वेगळे असते आणि गाड्या कमी वेगाने धावतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्यामुळे वाहतूक थांबली, गाड्या रद्द झाल्या किंवा दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. अशा वेळी सहल कंपनी गटाला थांबवून ठेवत नाही, आणि चुकलेल्या दिवसांचे पैसेही परत देत नाही.

रेल्वेचे तिकीट काढताना खालच्या बर्थचा नियम नीट समजून घ्यावा. ज्येष्ठांसाठी राखलेला खालचा बर्थ ६० वर्षांवरील पुरुषाला आणि ४५ वर्षांवरील स्त्रीला मिळू शकतो. पण तो एका तिकिटावर एकटा किंवा या अटीत बसणारे दोनच प्रवासी असतील तेव्हा. कंपनीने सोयीसाठी सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की हा हक्क लागू होत नाही आणि सत्तरीच्या माणसाला मधला बर्थ मिळतो. त्यामुळे नाव नोंदवतानाच ‘आमच्या दोघांचे तिकीट स्वतंत्र काढा’ असे सांगून ठेवावे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा ते सुरू होण्याच्या आधीच हे सांगणे बरे. भाड्यातील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती आजवर आम्हाला परत मिळालेली नाही. जुन्या अनुभवावर अंदाजपत्रक बांधू नये.

विमानाच्या बाबतीत गोव्याची एक खास अडचण आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोप्याच्या मनोहर विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून आपल्याकडे दोन विमानतळ आहेत, आणि तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’च लिहिलेले असते. दाबोळीचे सांकेतिक नाव जीओआय, तर मोप्याचे जीओएक्स. आमच्या एका सहलीत कंपनीने जाण्याचे तिकीट दाबोळीचे आणि परतीचे मोप्याचे काढले होते. आम्ही गाडी दाबोळीला उभी करून निश्चिंतपणे गेलो आणि बारा दिवसांनी मध्यरात्री पेडणे तालुक्यात उतरलो. तिथून घरी फोंड्याला टॅक्सीने आलो, आणि सकाळी यजमान बसने दाबोळीला जाऊन गाडी घेऊन आले. ते आयुष्यभर गणित शिकवत आले असल्यामुळे त्या चुकीचा एकूण खर्च त्यांनी पै-पैसह वहीत मांडून ठेवला आहे. तिकीट हाती येताच ही तीन अक्षरे दोन्ही बाजूंनी तपासावीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर चाकाच्या खुर्चीची नोंदही तेव्हाच करून घ्यावी. ती मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

कागदपत्रांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची याबाबतची अडचण इतर राज्यांतल्या लोकांना ठाऊकच नसते. आमच्या पिढीची जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली आहे. नाईक, कामत, प्रभू, शेट अशी आडनावे त्या नोंदीत पोर्तुगीज उच्चारांच्या वळणाने लिहिली गेली, शाळेच्या दाखल्यावर ती इंग्रजी वळणाने आली, आणि आधार कार्डावर तिसऱ्याच पद्धतीने छापली गेली. घरी याने काही बिघडत नाही. पण परदेश प्रवासात विमानाचे तिकीट, व्हिसा आणि विमा या तिन्हींवरचे नाव पासपोर्टाशी अक्षरशः जुळावे लागते. सहल कंपनीला नाव तोंडी सांगू नये, पासपोर्टाच्या पानाची प्रत द्यावी, आणि तिकीट आले की एकेक अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहावे. पासपोर्ट अजून काढायचाच असेल किंवा नावात दुरुस्ती हवी असेल, तर ते काम सहल ठरवण्याच्या आधी हाती घ्यावे. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी, कारण पुष्कळ देश तसे मागतात. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब किंवा झालेली शस्त्रक्रिया लपवू नये. स्वस्त पॉलिसीत आधीपासूनच्या आजारावरचा खर्च अनेकदा वगळलेला असतो किंवा फक्त जिवावर बेतल्यासच मिळतो. ते कलम एजंटाकडून तोंडी न ऐकता स्वतः वाचावे. सहल रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम कापली जाईल, हे कोष्टक पैसे भरण्यापूर्वी मागून घ्यावे. आमच्या वयात रद्द करण्याची वेळ येऊ शकते, हे मनात वाईट न आणता गृहीत धरावे. परदेश सहलीच्या रकमेवर जीएसटीखेरीज टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा करही घेतला जातो. तो खर्च नव्हे. आपल्या नावावर जमा झालेला तो आगाऊ कर असतो आणि आयकर विवरणपत्र भरून त्याचे श्रेय घेता येते. विवरणपत्र भरत नसल्यामुळे हे पैसे सोडून दिलेले निवृत्त लोक मी पाहिले आहेत. नोव्हेंबरात बाहेर असाल तर निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला विसरू नये. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण ही सोय आपल्या फोनवर चालते का ते घरीच पाहून ठेवावे.

चारधामला जाणाऱ्यांनी उत्तराखंड शासनाची नोंदणी सक्तीची आहे हे लक्षात ठेवावे. कंपनी ती करते, पण त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. खरी तयारी उंचीची करायची असते. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरांवर आहे, आणि गोव्यातले सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखरदेखील १,२०० मीटरांच्या आत आहे, म्हणजे समुद्रसपाटीवर जन्म काढलेल्या शरीराला तिथली विरळ हवा पूर्णपणे अनोळखी असते. अडीच हजार मीटरांवर गेल्यानंतर डोके जड होणे, मळमळणे आणि झोप न लागणे ही लक्षणे कोणालाही होऊ शकतात. ती वाढत गेली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर दर्शनाचा हट्ट न धरता खाली उतरावे. उंचीवरचा त्रास कमी करणारी गोळी असते, पण सल्फाची अॅलर्जी असलेल्यांना ती चालेलच असे नाही, म्हणून तो निर्णय आपल्या डॉक्टरांवर सोपवावा. आम्ही तीन महिने आधीपासून रोज पहाटे म्हार्दोळपर्यंत चालत गेलो आणि शेवटच्या महिन्यात त्यात चढाची वाट जोडली. तरीही गौरीकुंडाहून वर जाताना यजमानांसाठी घोडा करावा लागला.

औषधांच्या बाबतीत माझा नियम असा आहे की सहलीचे दिवस अधिक सात एवढ्या दिवसांची औषधे घ्यावीत, त्यांचे दोन समान भाग करावेत, आणि एक माझ्या व एक यजमानांच्या हातातल्या पिशवीत ठेवावा. चेक-इन सामानात काहीही ठेवू नये, इन्सुलिन तर मुळीच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घटकद्रव्यांच्या नावांसह असावी, कारण आपल्याकडचे ब्रँड परदेशातल्या दुकानदाराला कळत नाहीत.

खाण्याचा विषय आपल्याकडे नाजूक आहे. मराठी कंपन्यांच्या बऱ्याच सहलींत स्वयंपाकी बरोबर असतात आणि वरणभात, पोळी, भाजी वेळेवर मिळते. परंतु चौथ्या दिवसापासून गोव्याच्या माणसाला माशांचे हुमण आणि उकड्या तांदळाची पेज आठवू लागते, आणि यात्रेत मासळीचे नाव काढण्याचीही सोय नसते. यावर आम्ही केलेला उपाय म्हणजे मेतकूट, कोरडी चटणी आणि थोडी आमसुले बरोबर ठेवणे. गरम पाण्यात आमसूल व मीठ घातले की पोटालाही बरे वाटते. सुके खोबरे मात्र विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाही, त्यामुळे चटणी दाण्यांची करावी. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. दुबईकडे जाताना खसखस घातलेला कोणताही पदार्थ नेऊ नये, कारण तिथे खसखशीवर बंदी आहे.

गटात वावरण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बसमधल्या पुढच्या जागा रोज बदलाव्यात असा नियम पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरकडून सर्वांसमोर सांगून घ्यावा, म्हणजे पुढची भांडणे टळतात. आपल्याला जे जमणार नाही ते त्याला आदल्या रात्री सांगावे. वेरूळला आम्ही आधीच सांगितल्यामुळे त्याने आमच्यासाठी कैलास लेण्याच्या अंगणातच थांबण्याची व्यवस्था केली, आणि इतर मंडळी पुढची लेणी पाहून धावतपळत परत येईपर्यंत आम्ही दोघे एका खांबाच्या सावलीत सव्वा तास निवांत बसून होतो. आजवरच्या सर्व सहलींत माझ्या डोळ्यांसमोर अजून स्वच्छ उभा राहतो तो हाच सव्वा तास.

घर बंद करण्याची तयारी गोव्यात ऋतूप्रमाणे बदलते. चवथीच्या आसपास आम्ही कुठे जात नाही, आणि जून ते सप्टेंबर घर आठ दिवसांहून अधिक बंद ठेवत नाही, कारण तेवढ्यात कपाटातल्या रेशमी लुगड्यांवर आणि चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. जाणे भागच असेल तर कपाटांची दारे किंचित उघडी ठेवावीत आणि शेजाऱ्यांना दोन दिवसांआड खिडक्या उघडायला सांगावे. गॅसचा रेग्युलेटर काढावा, टाकीचा नळ बंद करावा, फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवावे, आणि एक किल्ली व मुलांचे फोन क्रमांक शेजारच्या घरी द्यावेत. तुळशीला पाणी घालण्याचे काम आमच्या शेजारीणबाई करतात आणि त्याबद्दल त्यांना प्रत्येक सहलीहून काही ना काही आणावे लागते. पाववाल्या पोदेराला मात्र परतीच्या दुसऱ्या सकाळपासूनचे पाव आधीच सांगून ठेवावेत, कारण आल्या दिवशी कोणी उठून दार उघडत नाही.