त्रिनिदादला जाताय? खाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

त्रिनिदादच्या मेनूवर आलू, चना, भाजी, रोटी वाचलं की आपल्या लोकांना वाटतं, यात विचारायचं काय! 1845 पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून मजूर तिथं नेले गेले, ते शब्दही सोबत घेऊन गेले. पण पावणेदोनशे वर्षांत त्या शब्दांखालचं ताट बरंच बदललंय.

आमच्या मावशीचंच बघा. शुद्ध शाकाहारी. पोर्ट ऑफ स्पेनच्या एका खानावळीत तिनं काललू पाहिलं आणि खूश झाली, ‘अरे, हे तर आपलं अळूचं फदफदं!’ चूक तिची नव्हती. काललू अळूच्याच पानांचं असतं, वर नारळाचं दूध आणि भेंडी. मी म्हणालो, विचारून घेऊ. ‘अळूत काय विचारायचं?’ म्हणून तिनं भातावर वाढून घेतलं. तिसऱ्या घासाला वाटीतून खेकड्याची नांगी वर आली. उरलेला दिवस मावशी केळ्यांवर, आणि मी शिव्यांवर.

काललूत खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालायची तिथं रीतच आहे. त्यामुळं मी आता ‘व्हेज आहे का’ असं विचारतच नाही, त्यावर मान डोलते. ‘यात खेकडा आहे का? पिगटेल आहे का?’ असं नाव घेऊन विचारतो. पेलाव, म्हणजे तिथला पुलाव, दिसला तरी तेच, त्यात बहुधा कोंबडी असते. शाकाहाऱ्यांनी खुशाल दालपुरी घ्यावी. वाटाण्याच्या डाळीचं तिखटमिठाचं पुरण भरलेली पोळीच ती, आत चना-आलू गुंडाळून देतात. आणि साहिना, म्हणजे अळूवडीची त्रिनिदादी चुलत बहीण. त्यासाठी दक्षिणेला डेबेला जा.

दुसरी चूक, उशिरा उठणं. हिचा मला खरा राग आहे. डबल्स, म्हणजे दोन मऊ बाऱ्यांवर (तळलेल्या छोट्या पोळ्यांवर) चमचमीत चना, हा सकाळचा पदार्थ. पहिल्या खेपेला हॉटेलचा नाश्ता ‘फुकट’ म्हणून आम्ही तो वसूल करत बसलो आणि साडेदहाला क्युरेपला पोहोचलो, तर गाडीवाला भांडी विसळत होता. मी आता सातच्या आत, अंघोळ न करता जातो. रेटिंग बघत बसत नाही. कामावर निघालेली माणसं जिथं उभ्यानं खातायत, तिथं थांबतो.

तिखट किती, असं विचारतील. ‘आम्ही कोल्हापूरचे’ हा बाणा तिथं नको. ‘स्लाइट’ म्हणा. तिथल्या मिरचीचा ठसका लवंगीपेक्षा उशिरा येतो आणि लवकर जात नाही.

बेक अँड शार्क, म्हणजे पावात घातलेला तळलेला शार्क मासा, खायला माराकासच्या किनाऱ्यावर रविवारी जाऊ नका, अख्खं पोर्ट ऑफ स्पेन तिथं लोटलेलं असतं. बेक म्हणजे भाजलेला पाव नव्हे, तळलेला असतो.

मोठ्या रेस्टॉरंटात मेनूच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. 12.5 टक्के व्हॅट आणि 10 टक्के सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा वेगळा लागतो. तो भरून वर पुन्हा टिप ठेवणारे पाहिलेत मी.

शेजारच्या टोबॅगो बेटावर स्टोअर बेच्या टपऱ्यांवर क्रॅब अँड डम्पलिंग (खेकड्याचा रस्सा आणि उकडलेले पिठाचे गोळे) खाताना काटा-चमचा मागू नका. हातानंच खायचं, आणि पोहायच्या कपड्यांतच बसायचं. रस्सा कोपरापर्यंत ओघळतो, समुद्र समोरच आहे.