मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाताने कसे शोधावेत

४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या घेऊ. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कागद-पेन्सिल घ्या. ही संख्या मूळ की संयुक्त, एवढंच ठरवायचं आहे.

आधी शाळेतल्या कसोट्या लावा. शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच होते, कारण या तिघांचा गुणाकार १००१ आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला तिघांपैकी कुणाचाही भाग जात नाही.

आता उरलेलं काम मोजा. संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसणं शक्य नाही.

म्हणून संख्येची घडण पाहा. ६५,५३६ च्या वर्गात १ मिळवला की आपली संख्या मिळते. म्हणजे ती २ चा ३२ वा घात अधिक १ आहे. याच कुळातल्या, म्हणजे २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा आणि १६ वा घात अधिक १, अशा ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मूळ आहेत. त्यावरून सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी पुढच्याही मूळच असतील असं मानलं. १७३२ मध्ये स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी ते खोडून काढलं.

समजा, म ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग म ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि ६४ व्या घाताची १. त्याआधीच्या कुठल्याही घाताची बाकी १ येत नाही, म्हणून बाकी १ येणारे घात ६४ च्या पटीतलेच असतात. फर्मांच्या छोट्या प्रमेयानुसार (म − १) व्या घाताचीही बाकी १ असते. म्हणून म − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्मांचा अंदाज फर्मांच्याच प्रमेयाने पाडावा, हे मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आता ६५, १२९, १९३… अशी ६४ ने वाढणारी यादी करा आणि संयुक्त संख्या खोडा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१.

एवढा मोठा भागाकार मांडायचीही गरज नाही. दर पायरीला वर्ग करा आणि बाकीच पुढे न्या. ६४१ साठी:

२ चा ८ वा घात: २५६
१६ वा घात: ६५,५३६ − ६४१ × १०२ = १५४
३२ वा घात: १५४ चा वर्ग २३,७१६; ६४१ × ३७ = २३,७१७, म्हणजे बाकी −१

त्यात १ मिळवला की शून्य. भाग गेला! आधीच्या चौघींना हीच रीत लावून पाहा, एकीलाही शून्य येत नाही.

भागाकार येतो ६७,००,४१७. याचे अवयवही ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठेच असणार, आणि ६४१ पेक्षा लहान तर नाहीतच. याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे. तिथपर्यंत तपासायला सातच मूळ संख्या उरतात: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. एकीचाही भाग जात नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे आणि आपल्या संख्येचे विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः.